ग्रीकांचे देव : पुराणातले आणि खेळातले



या उन्हाळ्यात माझा भाचा आठ दिवस आमच्याकडे राहायला आला होता. बारावीला तो गणितात नापास झाला. घरी वडिलांची बोलणी खाऊन पोरगा अगदी कोमेजला होता, म्हणून आईने त्याला मामाकडे धाडला. तो फारसे बोलत नसे. जेवण झाले की संगणकापुढे बसे आणि व्हिडिओ गेम खेळे. एके दुपारी मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर एक तरुण वीर भुताखेतांशी लढत होता. इतक्यात शिरस्त्राण घातलेली एक तेजस्वी देवी दिसू लागली आणि भाचा म्हणाला, "मामा, ही अथीना. हिचा वर मिळाला की समोरच्याचा वार त्याच्यावरच उलटतो."

मी कॉलेजात साहित्य शिकवतो. होमरच्या काव्यातील अथीना कोण, हे वर्गात समजावून देताना माझा अर्धा तास खर्ची पडतो, आणि तरी मागच्या बाकावरची मुले जांभया देतात. इथे हा मुलगा तिचे नाव शेजारच्या काकूंचे घ्यावे इतक्या सहजपणे घेत होता. झ्यूस वीज देतो, पोसायडन लाट देतो, आर्टेमिस अचूक नेम देते, हर्मीस वेग देतो, हे सारे त्याला तोंडपाठ. मला आधी गंमत वाटली, आणि मग मनात एक शंका आली. हे देव तेच का? पुराणातली अथीना आणि या खेळातली अथीना एकच का? आज या शंकेविषयीच आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

प्रथम हे देव कोण ते पाहू. ग्रीसच्या उत्तर भागात ऑलिम्पस नावाचा पर्वत आहे. त्याची उंची २९०० मीटरांहून अधिक. त्याच्या माथ्यावर देवांची वस्ती आहे असे प्राचीन ग्रीक मानत. त्या देवांपैकी झ्यूस, पोसायडन आणि हेडीस हे तिघे सख्खे भाऊ. त्यांनी चिठ्ठ्या टाकून जगाची वाटणी केली. झ्यूसला आकाश मिळाले, पोसायडनला समुद्र आणि हेडीसला पाताळ, म्हणजे मेलेल्यांचे राज्य. पृथ्वी आणि ऑलिम्पस मात्र सामाईक राहिले. आपल्याकडे शेताची वाटणी होते पण विहीर सामाईक राहते, तसाच हा प्रकार. आणि सामाईक विहिरीवरून पुढे काय होते, हे आपणा खेड्यातल्या मंडळींना मी काय सांगावे!

हे देव अमर आहेत, बलाढ्य आहेत, परंतु सर्वशक्तिमान नाहीत आणि सर्वज्ञही नाहीत. ते रुसतात, भांडतात, एकमेकांना फसवतात. मुख्य म्हणजे एकेकाकडे एकेक खाते आहे. युद्ध अरेसचे, शिकार आर्टेमिसची, प्रेम ॲफ्रोडाइटीचे, धान्य डिमीटरचे, द्राक्षे आणि मद्य डायोनायससचे. या देवांची सार्वजनिक पूजा सम्राट थिओडोसियसने इ. स. ३९१ व ३९२ या वर्षांतील फर्मानांनी बंद केली. देवळे ओस पडली. गोष्टी मात्र राहिल्या. त्यामुळे नाटककार, चित्रकार आणि अलीकडे खेळ रचणारे लोक त्या गोष्टींतून मोकळ्या हाताने उचल करीत आले आहेत.

देवाने माणसाच्या पाठीशी उभे राहून त्याला बळ द्यावे, ही कल्पना काही खेळवाल्यांनी काढलेली नाही. ती होमरइतकी जुनी आहे. 'इलियड' हे त्याचे ट्रॉयच्या युद्धावरचे महाकाव्य. इ. स. पूर्व ८ व्या शतकाच्या सुमाराचे ते मानतात. त्याच्या पाचव्या सर्गात डायोमीडीस नावाचा ग्रीक वीर बाण लागून जखमी होतो. तो अथीनाचा धावा करतो. ती येते, त्याचे हातपाय हलके करते आणि त्याच्या डोळ्यांवरचे धुके दूर करते. आता रणांगणात देव कोणता आणि माणूस कोणता हे त्याला ओळखू येऊ लागते. पण जाताना ती बजावते, 'इतर देवांच्या वाटेला जाऊ नकोस. ॲफ्रोडाइटी आलीच, तर तिच्यावर मात्र वार कर.' डायोमीडीस खरोखरच ॲफ्रोडाइटीच्या हाताला जखम करतो. पुढे तर अथीना स्वतः त्याच्या रथावर चढून घोडे हाकते आणि त्याचा भाला थेट युद्धदेव अरेसच्या पोटात घुसवते. नऊदहा हजार माणसे एकदम ओरडावीत तसा तो देव ओरडतो.

बघा, आजच्या खेळातले सगळे साहित्य इथे हजर आहे. जखमी वीर, देवीचा वर, अंगात आलेली नवी शक्ती, आणि आजवर न दिसलेले दिसू लागणे. माझ्या भाच्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे तर अगदी गेमसारखंच आहे." मी म्हणालो, "अरे, गेम याच्यासारखा आहे."

पण गोष्ट इथे संपत नाही. ग्रीक पुराणात देवाची देणगी ही सरळ हातावर ठेवलेली खाऊची पुडी कधीच नसते. तिच्यामागून काहीतरी येते. उषादेवी इऑसने आपल्या प्रियकरासाठी, टिथोनससाठी, झ्यूसकडे अमरत्व मागितले. झ्यूसने ते दिले. पण चिरतारुण्य मागायचे ती विसरली. टिथोनस म्हातारा होत गेला, आणखी म्हातारा होत गेला, आणि मरण काही येईना. अखेर त्याला एका खोलीत बंद करावे लागले. आतून नुसता आवाज तेवढा येत राहिला. आपल्या हिरण्यकशिपूने कसा प्रत्येक शब्द मोजून वर मागितला आणि तरी एक फट राहिलीच, त्याची इथे आठवण होते. फरक एवढा, की आपल्या पुराणांत वराआधी बहुधा तपश्चर्या असते. ग्रीकांकडे तसे काही लागतेच असे नाही. तिथे पुष्कळदा देवाची मर्जी हाच सारा हिशेब.

तीन देवींची आणि पॅरिसची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ट्रॉयच्या राजाचा हा मुलगा ईडा पर्वतावर गुरे राखीत होता. हेरा, अथीना आणि ॲफ्रोडाइटी त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. आमच्यात सर्वांत सुंदर कोण ते तू सांग, म्हणाल्या. प्रत्येकीने काहीतरी देऊ केले. हेराने राज्य, अथीनाने युद्धातील यश, आणि ॲफ्रोडाइटीने जगातली सर्वांत देखणी स्त्री. पॅरिसने ॲफ्रोडाइटीला निवडले. हेलन त्याला मिळाली. पण ज्या दोघींना त्याने नाकारले, त्या ते विसरल्या नाहीत. दहा वर्षे युद्ध चालले आणि ट्रॉय जळून राख झाले. एका देवाकडून घेणे म्हणजे दुसऱ्याला नाकारणे, हे त्या गुराख्याला फार उशिरा उमगले.

युरिपिडीसने इ. स. पूर्व ४२८ मध्ये 'हिपॉलिटस' हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याचा नायक आर्टेमिसचा निस्सीम भक्त. ॲफ्रोडाइटीकडे तो ढुंकून पाहत नाही. ॲफ्रोडाइटी त्याचा सूड घेते. तो मरणपंथाला लागलेला असताना आर्टेमिस येते खरी, पण सांगते काय? दुसऱ्या देवाच्या इच्छेआड आम्ही देव येत नाही, अशी आमची रीत आहे. शिवाय मर्त्याचा मृत्यू पाहणे देवीला वर्ज्य, म्हणून त्याचा प्राण जायच्या आधी ती निघून जाते. ज्याने जन्मभर तिची पूजा केली, त्याला शेवटच्या घटकेला सोडून ती जाते. मी हे नाटक कितीदा तरी शिकवले असेल. इथे आलो की वर्ग शांत होतो, आणि मीही थोडा थांबतो.

आता खेळांकडे वळू. ग्रीक देव व्हिडिओ गेममध्ये पुष्कळ वर्षांपासून आहेत. १९८८ साली जपानच्या सेगा कंपनीचा 'ऑल्टर्ड बीस्ट' नावाचा खेळ आला. त्यात झ्यूस एका मेलेल्या योद्ध्याला थडग्यातून उठवतो, आपली मुलगी अथीना हिला सोडवून आणायला सांगतो आणि त्यासाठी त्याला पशूचे रूप घेण्याची शक्ती देतो. २००२ साली 'एज ऑफ मिथॉलॉजी' आला. त्यात ग्रीकांच्या बाजूने खेळणाऱ्याने आरंभी झ्यूस, पोसायडन किंवा हेडीस यांपैकी एकाला आपले दैवत म्हणून निवडायचे. राज्य एकेक पायरी वर चढले, की दोन देवांपैकी आणखी एक निवडायचा. मूळ खेळात प्रत्येक देव आपली मोठी शक्ती एकदाच वापरू देई. देवांची कृपा कशी मिळवायची? गावकऱ्यांना देवळापाशी प्रार्थनेला उभे करायचे. जितके गावकरी जास्त, तितकी कृपा लवकर साठते. तिचा आकडा पडद्यावर दिसत राहतो.

हा आकडा पाहून मला 'इलियड'च्या सहाव्या सर्गाची आठवण झाली. ट्रॉयवर संकट आले आहे. हेक्टरची आई राणी हेक्युबा आपल्या पेटीतले सर्वांत सुंदर वस्त्र काढते. नगरातल्या स्त्रिया अथीनाच्या देवळात जातात, ते वस्त्र तिच्या मांडीवर ठेवतात, हात वर करून आक्रोश करतात : आमच्या लेकरांवर दया कर. आणि अथीना मान हलवून नकार देते. बस, एवढेच. खेळात गावकऱ्याची प्रार्थना कधी फुकट जात नाही. होमरच्या काव्यात ट्रॉयच्या आयांची प्रार्थना फुकट गेली.

माझ्या भाच्याचा खेळ होता 'हेडीस'. अमेरिकेतील सुपरजायंट गेम्स या संस्थेने तो २०२० साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. २०२१ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथा व अद्भुतकथा यांच्यासाठी असलेल्या या पुरस्कारांत त्या वर्षी व्हिडिओ गेमसाठी खास विभाग ठेवला होता. त्याचा दुसरा भाग २०२५ साली पूर्ण होऊन बाहेर पडला. पहिल्या भागाचा नायक झॅग्रिअस हा पाताळाचा राजा हेडीस याचा मुलगा. त्याला बापाच्या राज्यातून निसटून वर पृथ्वीवर जायचे आहे. ऑलिम्पसवरचे नातेवाईक त्याला वाटेत मदत पाठवतात. एक देव एका वेळी तीन वर पुढे मांडतो. त्यांतला एक घ्यायचा. दोन देवांचे वर जुळले तर कधी कधी त्यांतून तिसराच, दोघांचा मिळून वर निघतो.

म्हणजे इथे प्रत्येक खेळाडू पॅरिस आहे. त्याच्यापुढेही तीन देणग्या आहेत. इतकेच नव्हे, एखाद्या दालनात दोन देव एकदम आपापली देणगी घेऊन उभे असतात. एकाची घेतली की दुसरा रागावतो आणि त्या लढाईपुरता आपल्यावरच उलटतो. परंतु आपण तेवढा वेळ तग धरला, की तो शांत होतो आणि आपला वरही देऊन टाकतो. हेरा आणि अथीना यांचा राग एका लढाईत निवळला असता तर ट्रॉय जळलेच नसते.

पुराणातल्या आणि खेळातल्या देवांमधला मला जाणवलेला फरक हाच. पुराणात देव माणसाला निवडतो. का निवडतो, किती दिवस साथ देईल, हे त्या माणसाला कळत नाही. खेळात माणूस देवाला निवडतो. काय मिळेल, किती मिळेल, हे आधी लिहिलेले असते. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. पुराणातला देव हा नाते आहे. खेळातला देव पुष्कळदा हत्यार आहे.

पण सगळेच खेळ असे भोळे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. २००५ सालच्या 'गॉड ऑफ वॉर' या खेळात क्रेटॉस नावाचा स्पार्टाचा सेनापती हरत्या लढाईत अरेसला हाक मारतो : मला वाचव, माझा प्राण तुझा. अरेस त्याला जय देतो, जळती पाती देतो. आणि एके दिवशी त्याच्याच हातून, त्याच्या नकळत, त्याची बायको आणि मुलगी मारवतो. पुढे दहा वर्षे तो इतर देवांची चाकरी करतो, ती त्या आठवणी पुसल्या जाव्यात म्हणून. शेवटी अथीना त्याला सांगते, की तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. पण त्या आठवणी मात्र कोणताही देव पुसू शकत नाही. खेळ रक्तपाताने भरलेला आहे, लहान मुलांच्या हाती देण्याजोगा मुळीच नाही. तरी हा शेवट ऐकून युरिपिडीसने मान डोलावली असती असे वाटते. हेराने वेड लावल्यामुळे आपलीच बायकामुले मारणाऱ्या हेराक्लीसवर त्यानेही नाटक लिहिले आहे.

हीच रीत आपल्या देवदेवतांनाही लागू झाली आहे, बरे का. 'हेडीस' पूर्ण झाला त्याच वर्षी, २०२० साली, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ काढला. राजी ही एक साधी मुलगी. असुरांनी तिचा धाकटा भाऊ पळवून नेला आहे. त्याला सोडवायला ती निघते, आणि दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची गोष्ट आपल्याला कळते. पुण्याच्या पोरांनी रचलेला खेळ परदेशातली मुलेही खेळली. तेव्हा हे सगळे परक्यांचे खूळ आहे असे म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही.

तर मग गुरुजनहो, आपण काय करावे? आपल्या वर्गातला एखादा मुलगा उद्या म्हणेल, 'सर, झ्यूस माझ्या बाजूनं आहे.' त्याला गप्प बस म्हणू नका. त्याला विचारा, 'तू ज्या देवाला निवडले नाहीस, त्याचे काय झाले?' आणि मग पॅरिसची गोष्ट सांगा. दुर्गेचा त्रिशूळ पाहिलेल्या मुलीला विचारा, 'तो त्रिशूळ देवीच्या हातात कसा आला?' मग महिषासुराची गोष्ट सांगा; सगळ्या देवांनी आपापले तेज आणि शस्त्रे तिला दिली, ते सांगा. नाव मुलाला आधीच ठाऊक असते. आपले अर्धे काम झालेले असते. खेळाला वेळेची मर्यादा घालणे हे आईबापांचे काम, ते त्यांनी जरूर करावे. परंतु मुलाने एका देवाचे नाव कुतूहलाने उच्चारले, तो क्षण आपण दवडू नये.

भाच्याला मी एके रात्री हेक्टरची गोष्ट सांगितली. ट्रॉयच्या तटाबाहेर तो अकिलीसपुढे एकटा उभा आहे. झ्यूस सोन्याचा तराजू उचलतो. हेक्टरचे पारडे खाली जाते, आणि आजवर त्याच्या पाठीशी असलेला अपोलो त्याला सोडून जातो. अथीना त्याच्या भावाचे, डिइफोबसचे, रूप घेऊन शेजारी येऊन उभी राहते. भाऊ मदतीला आला असे त्याला वाटते. हेक्टर भाला फेकतो, तो वाया जातो. दुसरा भाला मागायला तो भावाला हाक मारतो, तर शेजारी कोणी नाही. त्या क्षणी त्याला सारे कळते. पुन्हा सुरुवात नाही, वर नाही, सोबत नाही. मग तो काय करतो? तलवार उपसतो आणि पुढे धावतो.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, आमच्या गेममध्ये मेलं की सगळे वर जातात. पुन्हा घरी येतो आपण. बाप टेबलाशी काहीतरी लिहीत बसलेला असतो. मान वर न करताच म्हणतो, आलास परत?"

"आणि मग?" मी विचारले.

"मग काय. घरातल्या सगळ्यांशी बोलायचं. जी ओळख झालेली असते ती राहते, ती जात नाही. आणि परत निघायचं."

तो खेळाविषयीच बोलत होता की आणखी कशाविषयी, हे मी त्याला विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गणिताचे पुस्तक मागितले. माझे गणित कच्चे, म्हणून शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे मी त्याला घेऊन गेलो. जाण्याआधी त्याच्या वडिलांनाही फोन केला आणि एवढेच म्हणालो, 'पोरगा परत येईल तेव्हा कागदातून मान तेवढी वर करा.' ते काही बोलले नाहीत. पण त्याला घ्यायला स्टँडवर ते स्वतः आले होते, असे बहिणीने मागाहून कळवले.

पुरवणी परीक्षा त्याने दिली आहे. निकाल लागायचा आहे.